स्पॅम गाळणारा मेल रिले: वाचकांच्या शंका

या वेळी निवडलेले सर्व प्रश्न एकाच विषयाचे आहेत: स्वतःच्या मेल सर्व्हरपुढे स्पॅम गाळणारा रिले उभा करणे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गुंतलेला असल्यामुळे ते क्रमाने वाचावेत.

प्रश्न: आमच्या संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर असून त्यावर सुमारे १२० जणांची खाती आहेत. सर्व्हर जुना आहे, त्यातली स्पॅम ओळखण्याची सोय तोकडी आहे आणि तो बदलण्याची परवानगी तूर्त मिळणार नाही. त्याच्यापुढे लिनक्सचे एक वेगळे यंत्र ठेवून तेथेच स्पॅम अडवावा, असा सल्ला आम्हांला मिळाला आहे. असा रिले कसा उभारावा आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर: सल्ला योग्य आहे. रिले म्हणजे पत्र स्वतःकडे न ठेवता पुढच्या सर्व्हरकडे सोपवणारा सर्व्हर. तुमच्या डोमेनची पत्रे कोणी स्वीकारायची, हे डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावांच्या निर्देशिकेतील) एमएक्स नोंद सांगते. आज त्या नोंदीत जुन्या सर्व्हरचे नाव आहे, उद्या तेथे रिलेचे नाव येईल. बाहेरचे सर्व्हर मग रिलेशी बोलतील, आणि रिले तपासणीत उतरलेली पत्रे तेवढी आत पाठवेल. खातेदारांना आपापल्या संगणकावर काहीही बदलावे लागत नाही, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी सोय आहे.

उभारणीला हात घालण्यापूर्वी एसएमटीपीचा, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात त्या पद्धतीचा, संवाद नीट समजून घ्या. १९८२ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत पाठवणारा सर्व्हर २५ क्रमांकाच्या पोर्टवर येतो, आपले नाव सांगतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग प्राप्तकर्त्याचा पत्ता आणि शेवटी पत्राचा मजकूर देतो. प्रत्येक टप्प्यावर समोरून तीन अंकी उत्तर मिळते. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे होकार, ४ ने सुरू होणारे म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार. मजकूर संपल्यावर तुमच्या यंत्राने २५० असे उत्तर दिले, की ते पत्र पोचवण्याची, किंवा पोचले नाही तर तसे कळवण्याची, जबाबदारी तुमच्यावर येते. त्यापूर्वी नकार दिला तर ती पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच राहते. म्हणून पत्राचा सगळा निवाडा या २५० च्या आधी, पाठवणारा दारात उभा असतानाच व्हावा. पुढे छापलेले बरेचसे प्रश्न ही एक गोष्ट न सांभाळल्यामुळेच निर्माण झालेले आहेत.

सॉफ्टवेअर म्हणून पोस्टफिक्स घ्यावा, असे मी सुचवीन. वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा मेल सर्व्हर १९९८ मध्ये लोकांसमोर आला, आणि रिलेच्या कामासाठी त्यात लागणारे बदल मोजकेच आहेत. ‘रिले डोमेन्स’ या ओळीत तुमचे डोमेन लिहा आणि ‘मायडेस्टिनेशन’ या ओळीतून तेच डोमेन आवर्जून काढा. ते दुसऱ्या ओळीत राहून गेले तर पोस्टफिक्स स्वतःलाच शेवटचा मुक्काम समजतो, खातेदारांची नावे रिलेवर शोधू लागतो आणि ‘असा वापरकर्ता येथे नाही’ असे सांगून चांगली पत्रे परतवतो. त्यानंतर ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’मध्ये या डोमेनची पत्रे आतल्या सर्व्हरला द्यावीत, असे नोंदवा. तेथे आतल्या सर्व्हरचे नाव चौकटी कंसात लिहायचे असते, कारण कंसाचा अर्थ ‘या नावाची एमएक्स नोंद शोधू नका, थेट या यंत्राकडे जा’ असा होतो.

‘मायनेटवर्क्स’ या ओळीची मात्र विशेष काळजी घ्या. या ओळीत ज्यांचे आयपी पत्ते असतील, त्यांची पत्रे पोस्टफिक्स जगात कोठेही पोचवतो. तेथे रिले स्वतः आणि आतला सर्व्हर, एवढेच असावेत. सोयीसाठी सगळे जाळे लिहून टाकले आणि त्यातला एक संगणक विषाणूने पछाडला, तर तुमचा रिले त्याचा हमाल होईल. आणि चुकून सगळे जग लिहिले गेले तर तो खुला रिले ठरेल. १९९० च्या दशकात असे खुले रिले सर्वत्र होते आणि स्पॅमचा पूर मोठ्या प्रमाणात त्यांच्यामार्फतच वाहत होता. आज असा सर्व्हर सापडायला वेळ लागत नाही, आणि काळ्या यादीत, म्हणजे ज्यांची पत्रे इतर सर्व्हर नाकारतात अशा आयपी पत्त्यांच्या यादीत, जायलाही.

पत्राच्या आकाराची मर्यादाही तपासा. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे. आतला सर्व्हर २५ एमबीपर्यंत स्वीकारत असेल तर रिले लागताच मोठ्या जोडण्या अडू लागतील आणि दोष स्पॅम फिल्टरवर येईल. जोडलेली फाइल पत्रात घालताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, हेही हिशेबात धरा.

एमएक्स बदलण्याची घाई करू नका. आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतर यंत्रे ती नोंद लक्षात ठेवतात ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे काही बिघडले तर पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येईल. बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून ‘स्वॅक्स’ या चाचणी-साधनाने थेट रिलेला पत्रे पाठवून पाहा: एक खऱ्या पत्त्यावर, एक नसलेल्या पत्त्यावर, एक परक्या डोमेनच्या पत्त्यावर आणि एक ‘जीट्यूब’ ही ठरावीक चाचणी-ओळ घातलेले, जी ओळ स्पॅम फिल्टर मुद्दाम स्पॅम म्हणून ओळखतात. पहिले पत्र आत पोचले आणि बाकी तिन्ही दारातच नाकारली गेली, तर तुम्ही तयार आहात. एमएक्स नोंदीत यंत्राचे नाव लागते. तेथे आयपी पत्ता किंवा सीनेमचे टोपणनाव चालत नाही.

प्रश्न: आम्ही असा रिले सहा आठवड्यांपूर्वी सुरू केला. स्पॅम बराच कमी झाला, परंतु रिलेच्या रांगेत आता हजारो न पोचलेली पत्रे साचली आहेत. ती सगळी ‘तुमचे पत्र पोचवता आले नाही’ अशी आहेत आणि आम्ही कधी न ऐकलेल्या लोकांच्या नावे आहेत. शिवाय आमचा आयपी पत्ता एका काळ्या यादीत गेला आहे. रिलेमध्ये कोणी घुसले आहे काय?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून तसे वाटत नाही. तुमचा रिले अगदी प्रामाणिकपणे काम करीत आहे, आणि दुखणे तेच आहे.

स्पॅम पाठवणारे पत्ते अंदाजाने तयार करतात. तुमच्या डोमेनपुढे शेकडो काल्पनिक नावे जोडून ते पत्रे सोडतात आणि पाठवणाऱ्याच्या जागी कोणा निरपराध माणसाचा पत्ता घालतात. तुमच्या रिलेला आत कोण राहते हे माहीत नाही, म्हणून तो प्रत्येक पत्राला २५० म्हणतो. मग तो ते आतल्या सर्व्हरला देऊ जातो आणि तेथे ५५० हे उत्तर मिळते: असा खातेदार नाही. पत्र स्वीकारून बसलेला रिले आता नियमानुसार पाठवणाऱ्याला कळवायला निघतो, आणि ती सूचना त्या निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडते. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा हा प्रकार आहे. या परतीच्या माऱ्याला ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात, आणि ज्याच्यावर तो होतो त्याच्या दृष्टीने तुमचा सर्व्हरच स्पॅम पाठवणारा असतो. काळ्या यादीत नाव गेले ते त्यामुळेच असावे.

उपाय असा, की आत कोण राहते हे रिलेला दारातच कळले पाहिजे. त्याचे दोन मार्ग आहेत. खात्यांची यादी तुमच्या हाती असेल तर ती ‘रिले रिसिपियंट मॅप्स’मध्ये द्या, यादीत नसलेल्या पत्त्याला पोस्टफिक्स मजकूर ऐकण्यापूर्वीच ५५० देतो. १२० खात्यांसाठी साधी फाइल पुरते, मोठ्या संस्थेत ती एलडॅप या खात्यांच्या मध्यवर्ती निर्देशिकेतून घेता येते. टोपणनावे आणि गटांचे पत्ते या यादीत घालायला लोक हमखास विसरतात, तेवढे पाहा.

दुसरा मार्ग पडताळणीचा आहे. ‘रिजेक्ट अनव्हेरिफाइड रिसिपियंट’ हा नियम लावला की पोस्टफिक्स नवा पत्ता दिसताच आतल्या सर्व्हरशी संवाद सुरू करतो, प्राप्तकर्त्याच्या टप्प्यापर्यंत जाऊन उत्तर ऐकतो, मजकूर न देता संवाद संपवतो आणि ते उत्तर लक्षात ठेवतो. यात दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे, अशा पत्त्यांसाठी पोस्टफिक्स मुळात ४५० हे तात्पुरत्या नकाराचे उत्तर देतो. सुरुवातीच्या चाचणीसाठी ते शहाणपणाचे असले तरी नंतर ते ५५० करावे लागते, नाहीतर पत्ता लिहिताना चूक केलेल्या सज्जन माणसाला ती चूक काही दिवसांनी कळते. दुसरा खळगा अधिक फसवा आहे. काही मेल सर्व्हर प्राप्तकर्त्याच्या टप्प्यावर कोणत्याही नावाला होकार देतात आणि खातेदार नसल्याचे मागाहून सांगतात. तुमचा आतला सर्व्हर तसा असेल तर पडताळणी निरर्थक ठरते. त्याच्याशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर स्वतः बोलून एक खोटे नाव विचारा. तेथे ५५० मिळाले तरच हा मार्ग धरा.

रांगेत साचलेल्या सूचना मात्र पोचवत बसू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असलेली ती पत्रे निवडून रांगेतून काढून टाका, आणि मूळ दोष गेल्यावरच काळ्या यादीतून नाव काढण्याचा अर्ज करा. आधी अर्ज करून पुन्हा यादीत गेलात तर पुढची सुटका अधिक अवघड होते.

प्रश्न: स्पॅमअ‍ॅसॅसिन आणि आरस्पॅमडी यांपैकी कोणता फिल्टर निवडावा? काळ्या याद्या, ग्रेलिस्टिंग आणि बेझ पद्धत असे सर्वच वापरायचे असेल तर त्यांचा क्रम कसा असावा?

उत्तर: स्पॅमअ‍ॅसॅसिन २००१ पासून आहे, पर्ल भाषेत लिहिलेला आहे, आणि त्याचे नियम वाचून समजतात. आरस्पॅमडी सी भाषेत लिहिलेला आहे, पुष्कळ वेगवान आहे आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क (पत्र खरोखर त्याच डोमेनचे आहे का, हे पाहणाऱ्या तपासण्या), ग्रेलिस्टिंग ही कामे एकाच ठिकाणी करतो. नव्याने उभारणी करायची असेल तर मी आरस्पॅमडी घेईन. स्पॅमअ‍ॅसॅसिनची घडी बसलेली असेल तर ती मोडण्याचे कारण नाही. फिल्टरच्या नावापेक्षा त्याची जोडणी महत्त्वाची आहे. तो ‘मिल्टर’ म्हणून, म्हणजे संवाद चालू असतानाच मेल सर्व्हर ज्याचे मत घेतो असा जोड-प्रोग्राम म्हणून, जोडा, म्हणजे पाठवणारा दारात असतानाच गुण मोजले जातील आणि नकार तेथेच देता येईल. पोस्टफिक्सची ‘कंटेंट फिल्टर’ ही जुनी व्यवस्था पत्र आधी रांगेत घेते आणि मग तपासते. तेव्हा २५० दिलेले असते आणि बॅकस्कॅटरचे दार पुन्हा उघडते.

क्रमाचे तत्त्व असे, की ज्या तपासणीला खर्च कमी तिला मान आधी. सर्वांत पुढे पोस्टफिक्समधलाच ‘पोस्टस्क्रीन’ ठेवा. तो आलेल्या सर्व्हरला स्वागताची ओळ पूर्ण देण्याआधी साधारण ६ सेकंद थांबवतो. शिस्तीतला सर्व्हर तेवढा वेळ थांबतो. स्पॅम फेकणारा प्रोग्राम घाईत असतो आणि न विचारता बोलू लागतो, म्हणून तेथेच पकडला जातो. पत्राचे एकही अक्षर न वाचता मिळालेला हा निकाल आहे.

त्यानंतर डीएनएसवरच्या काळ्या याद्या येतात. १९२.०.२.२५ या पत्त्यावरून कोणी आले तर आकडे उलटे करून, म्हणजे २५.२.०.१९२ असे लिहून, त्यापुढे यादीचे नाव जोडून डीएनएसला विचारले जाते. पत्ता यादीत असेल तर १२७.०.०.२ सारखे उत्तर येते, नसेल तर असे नावच नसल्याचे उत्तर मिळते. पद्धत सुबक आहे, पण तिच्यात एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः एकदा पाय घातलेला आहे. स्पॅमहाउससारख्या, अशा याद्या चालवणाऱ्या संस्था मोठ्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना यादीतली माहिती देत नाहीत; त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हे ‘प्रश्न विचारण्यात चूक आहे’ असे सुचवणारे उत्तर देतात. माझा रिले ‘काहीतरी उत्तर आले, म्हणजे पत्ता यादीत आहे’ असे समजला आणि एक संपूर्ण सकाळ त्याने जगातले प्रत्येक पत्र नाकारले. म्हणून रिलेवर ‘अनबाउंड’सारखा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा, आणि उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ या पट्ट्यात असेल तरच यादीचा कौल माना. या याद्यांच्या मोफत वापराला मर्यादा असतात. पत्रांची संख्या मोठी असेल किंवा वापर व्यापारी असेल तर त्यांच्या अटी वाचा. आणखी एक सावधगिरी अशी, की काही याद्या एकाच्या दोषापायी शेजारचे शेकडो आयपी पत्तेही अडवतात. सुक्याबरोबर ओलेही जळते. नकार देण्यासाठी एकाच काटेकोर यादीवर विसंबा आणि बाकीच्या याद्यांचे मत गुणांत मोजा.

ग्रेलिस्टिंग ही २००३ मध्ये पुढे आलेली युक्ती आहे. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता, त्याचा ई-मेल पत्ता आणि प्राप्तकर्त्याचा पत्ता ही त्रयी पहिल्यांदा दिसली की ४ ने सुरू होणारे उत्तर द्यायचे आणि काही मिनिटांनी पुन्हा आल्यावर स्वीकारायचे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅमचा प्रोग्राम बहुधा येत नाही. मात्र खातेदार पडद्याकडे डोळे लावून एखाद्या ओटीपीची वाट पाहत असतात तेव्हा ही पाच मिनिटे फार लांब वाटतात, आणि मोठे पुरवठादार दुसऱ्या वेळी वेगळ्याच आयपी पत्त्यावरून येत असल्याने विलंब तासापर्यंतही लांबू शकतो. सरसकट प्रत्येक नवख्याला ग्रेलिस्टिंग लावण्याच्या मी विरुद्ध आहे. आरस्पॅमडीच्या मूळ मांडणीप्रमाणे ४ गुणांच्या वर गेलेल्या, म्हणजे आधीच थोड्या संशयास्पद असलेल्या पत्रांनाच ते लावणे पुरेसे आहे.

मजकुराची तपासणी सर्वांत शेवटी. बेझ पद्धतीत शब्दांच्या वारंवारतेवरून संभाव्यता काढली जाते, पण तिला आधी शिकवावे लागते. दोन्ही फिल्टरांत मूळ मांडणीनुसार किमान २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रे शिकवल्याशिवाय बेझचा कौल धरलाच जात नाही. बहुतेक जण स्पॅम उत्साहाने शिकवतात आणि चांगली पत्रे शिकवण्याचा कंटाळा करतात. मग बेझ जागाच होत नाही, आणि ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. चांगली पत्रे तुमच्या स्वतःच्या संस्थेची असावीत. दुसऱ्या कोणी तयार केलेला साठा भरला तर तुमच्याच भाषेतली पत्रे त्याला परकी वाटतील.

प्रश्न: स्पॅम ठरलेले पत्र नाकारावे, वेगळ्या पेटीत ठेवावे की नष्ट करावे? आमच्याकडे यावरून वाद आहे.

उत्तर: २५० देऊन नंतर गुपचूप नष्ट करणे हा एकच मार्ग मी निषिद्ध मानतो. पाठवणाऱ्याला वाटते पत्र पोचले, घेणाऱ्याला वाटते ते आलेच नाही, आणि खरे काय झाले हे फक्त लॉगला (सर्व्हरच्या नोंदवहीला) ठाऊक असते.

नकार कठोर वाटतो, परंतु चांगल्या पत्राच्या बाबतीत तो सर्वांत सभ्य मार्ग ठरतो. तुम्ही ५५० दिल्यावर पाठवणाऱ्याचाच सर्व्हर त्याला लगेच कळवतो, आणि तो फोन करू शकतो. व्यवस्थापकाकडच्या वेगळ्या पेटीत पडलेले पत्र मात्र कोणीही उघडत नाही. पहिले पंधरा दिवस उघडतात, नंतर नाही. नकाराच्या ओळीत एखादा दूरध्वनी क्रमांक किंवा संकेतस्थळाचा पत्ता घालून ठेवला तर तक्रार योग्य ठिकाणी येते.

वादावर तोड म्हणून गुणांच्या पायऱ्या करा. आरस्पॅमडी मुळात ६ गुणांवर पत्राला खूण करतो आणि १५ गुणांवर नाकारतो. स्पॅमअ‍ॅसॅसिन ५ गुणांपासून पत्राला स्पॅम मानतो, पण तो स्वतः नाकारत नाही, ते काम त्याला जोडणाऱ्या मिल्टरचे असते. मधल्या पत्रांना हेडरमध्ये (पत्राच्या वरच्या तपशिलाच्या ओळींत) खूण करून आत सोडा आणि आतल्या सर्व्हरवर एक नियम करून ती खातेदाराच्या स्वतःच्या स्पॅम फोल्डरमध्ये टाका. ज्याचे पत्र त्यानेच पाहावे. पहिले दोन आठवडे नकार बंद ठेवून फक्त खुणा करा आणि १५ च्या वर गेलेल्या पत्रांचे लॉग रोज वाचा. त्यात एकही चांगले पत्र दिसले नाही तर नकार चालू करा.

प्रश्न: रिले लावल्यापासून आतला सर्व्हर काही चांगली पत्रे एसपीएफच्या कारणाने अडवतो. शिवाय आम्ही संशयास्पद पत्रांच्या विषयात ‘स्पॅम?’ असा शब्द जोडतो, त्यानंतर काहींची डीकिम स्वाक्षरी अवैध दिसते. हे कशामुळे?

उत्तर: दोन्ही गोष्टी अपेक्षित आहेत. पत्र देणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता त्या डोमेनने मान्य केलेला आहे का, एवढेच एसपीएफ पाहतो. आतल्या सर्व्हरला आता प्रत्येक पत्र देणारे यंत्र एकच दिसते, ते म्हणजे तुमचा रिले, आणि रिलेला जगातल्या कोणत्याच डोमेनने मान्यता दिलेली नाही. एसपीएफ आणि डीमार्क या तपासण्या रिलेवरच करा आणि आतल्या सर्व्हरवर रिलेच्या आयपीपुरत्या बंद करा. निकाल ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ या हेडरने आत पाठवता येतो. मात्र बाहेरून आलेल्या पत्रात तुमच्याच रिलेच्या नावाचे असे हेडर आधीच असेल तर ते बनावट आहे, ते काढून टाकण्याची सूचना फिल्टरला द्या.

डीकिमची स्वाक्षरी मजकुरावर आणि निवडक हेडरांवर असते, आणि विषयाची ओळ बहुतेक वेळा त्यांत असते. ती बदलली की स्वाक्षरी मोडते. पत्राखाली ‘हे पत्र बाहेरून आले आहे’ अशी ओळ जोडल्यानेही तेच होते. खातेदाराने आपली पत्रे बाहेरच्या दुसऱ्या पत्त्यावर वळवलेली असतील तर मोडलेल्या स्वाक्षरीमुळे ती तेथे नाकारली जातात. नवे हेडर जोडल्याने सहसा काही बिघडत नाही, तेव्हा खूण तेथेच करा आणि विषयाला हात लावू नका.

प्रश्न: रिले उत्तम चालतो, तरीही रोज दहा-वीस स्पॅम पत्रे येतातच. त्यांच्या हेडरमध्ये रिलेचा मागमूसही नसतो.

उत्तर: कारण ती मागच्या दाराने येत आहेत. स्पॅम पाठवणाऱ्यांकडे तुमच्या सर्व्हरचा जुना आयपी पत्ता आहे आणि ते एमएक्स नोंद विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. फायरवॉलमध्ये आतल्या सर्व्हरचे २५ क्रमांकाचे पोर्ट रिलेखेरीज सर्वांना बंद करा. खातेदार बाहेरून पत्र पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट लॉगिन करून वापरत असतील, ती वेगळी राहू द्या. जुना सर्व्हर ‘अडचणीला असावा’ म्हणून दुय्यम एमएक्समध्ये ठेवला असेल तर तीही नोंद काढा. स्पॅम पाठवणारे दुय्यम एमएक्स मुद्दाम निवडतात, कारण तेथे पहारा ढिला असतो हे त्यांना अनुभवाने माहीत आहे.

प्रश्न: जाणारी पत्रेही याच रिलेमार्फत पाठवावीत काय?

उत्तर: पाठवावीत, आणि तीही तपासावीत. एखाद्या खातेदाराचा पासवर्ड चोरीला गेला की त्याच्या नावे रात्रीतून हजारो पत्रे सुटतात, आणि ती तुमच्या विश्वासातल्या सर्व्हरकडून आल्यामुळे रिले त्यांना अडवत नाही. दर खातेदारामागे तासाला किती पत्रे जाऊ शकतील याची मर्यादा आरस्पॅमडीमध्ये घाला. रिलेचा आयपी तुमच्या एसपीएफ नोंदीत जोडा, डीकिमची स्वाक्षरी रिलेवरच करा, आणि आयपीवरून उलट शोध घेतल्यावर मिळणारे नाव आणि रिले संवादात सांगतो ते नाव एकच ठेवा. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही तिन्ही लागतात आणि स्पॅम म्हणून तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. रिले भाड्याच्या क्लाउड यंत्रावर असेल तर बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे का, हे आधी विचारून घ्या. अनेक पुरवठादार ते बंद ठेवतात.

प्रश्न: रिले किंवा आतला सर्व्हर बंद पडला तर पत्रे हरवतील काय?

उत्तर: रिले बंद पडला तर पाठवणारे सर्व्हर आपापल्या रांगेत पत्र ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात; एसएमटीपीच्या प्रमाणकाप्रमाणे हे प्रयत्न साधारण ४ ते ५ दिवस चालावेत. एका रात्रीच्या बिघाडासाठी दुसऱ्या रिलेची गरज नाही. दुसरा ठेवायचाच असेल तर त्यावर तेच फिल्टर आणि तीच खात्यांची यादी ठेवा.

आतला सर्व्हर बंद पडला तर रिले स्वतः पत्रे धरून ठेवतो आणि पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत ५ दिवसांनी हार मानतो. दुरुस्ती लांबणार असे दिसले तर ही मुदत वाढवा. पडताळणीचा मार्ग निवडलेला असला तरी घाबरू नका: पूर्वी होकार मिळालेले पत्ते पोस्टफिक्स ३१ दिवस लक्षात ठेवतो, त्यामुळे ओळखीच्या खातेदारांची पत्रे स्वीकारली जातात आणि अनोळखी पत्त्यांना ४५० मिळते. रांगेसाठी डिस्कवर काही दिवसांची पत्रे मावतील एवढी जागा राखून ठेवा, आणि सर्व्हर परत आल्यावर ‘पोस्टक्यू’ने रांग मोकळी करण्यापूर्वी त्याच्या डिस्कवरही तेवढी जागा आहे ना, ते पाहून घ्या.